आत भाडेकरू असलेलं घर विकत घेताना

‘भाडेकरूसह फ्लॅट विकणे आहे, भाडं चालू’ अशा जाहिराती पुण्यात, ठाण्यात, नाशकात नेहमी दिसतात. गुंतवणूक म्हणून पहिल्यांदाच घर किंवा दुकानाचा गाळा घेणाऱ्याला हे सोयीचं वाटतं आणि पुष्कळदा ते असतंही. भाडेकरू शोधायला नको, एजंटला दलाली नको, पहिल्याच महिन्यापासून भाडं हातात. पण अशा व्यवहारात भिंतींबरोबर जुन्या मालकाने दिलेले शब्दही तुमच्याकडे येतात. त्यातले किती कागदावर आहेत, किती तोंडी आहेत आणि कायद्याने कोणते तुमच्यावर बांधलेले आहेत, हे विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी कळायला हवं. नंतर कळलं तर घासाघीस करायला काहीच हातात उरत नाही.

इथे सांगितलेलं सगळं महाराष्ट्रातल्या कायद्याला धरून आहे. गोव्यात घर घेणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

पायरी १: आत राहणारा नेमका कोण, ते ठरवा

सगळ्या व्यवहाराची किंमत या एका प्रश्नावर ठरते, म्हणून इथे घाई करू नका. महाराष्ट्रात भाड्याच्या जागेत राहणारा माणूस बहुधा तीनपैकी एका प्रकारात बसतो, आणि तिघांचे हक्क एकमेकांपासून फार लांब आहेत.

पहिला प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा, ज्याला आपण सरसकट ‘अकरा महिन्यांचा करार’ म्हणतो. तो अकरा महिन्यांचाच असावा लागतो असं नाही, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. यात मालक जागा वापरायची परवानगी देतो, जागेत कुठलाही हक्क देत नाही. परवानगीचे हे नियम १८८२ च्या ईझमेंट कायद्यात आहेत. त्याचं कलम ५९ सांगतं की परवानगी देणाऱ्याने मालमत्ता विकली, तर घेणारा केवळ खरेदीदार झाला म्हणून त्या परवानगीने बांधला जात नाही. नव्या लोकांना हे माहीतच नसतं. म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याला मुदत संपेपर्यंत ठेवून घेणं ही तुमच्यावर आपोआप येणारी सक्ती नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. कलम ६३ प्रमाणे त्याला सामान आवरून निघायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. आणि त्याने मोबदला देऊन घेतलेली परवानगी मुदतीआधी गेली, तर तो जुन्या मालकाकडे भरपाई मागू शकतो, हे कलम ६४ मध्ये आहे. शिवाय खरेदीखतात ‘चालू करार खरेदीदारास मान्य आहे’ असं लिहिलं असेल, किंवा तुम्ही दोन महिने गुपचूप भाडं घेतलं असेल, तर कलम ५९ चा आधार तुम्हीच सोडल्यासारखं होतं.

दुसरा प्रकार भाडेपट्ट्याचा, म्हणजे लीजचा. इथे भाडेकरूला जागेत खराखुरा हक्क मिळतो आणि मालक बदलला तरी तो टिकतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०९ तुम्हाला जुन्या मालकाच्या जागी बसवतं. त्याचे हक्क तुमचे होतात, आणि भाडेकरूने म्हटलं तर त्याच्या जबाबदाऱ्याही तुमच्या. एखाद्या गाळ्यात बँकेची शाखा नऊ वर्षांच्या नोंदणीकृत लीजवर असेल आणि तीन वर्षं झाली असतील, तर उरलेली सहा वर्षं ती शाखा तिथेच, त्याच अटींवर राहील. तुम्ही कराराचा कागद वाचला नव्हता, या सबबीला किंमत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात जपून हाताळायचा. हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं संरक्षण असलेले भाडेकरू. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेतली. गिरगाव-दादरच्या चाळीतला पागडीवाला (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहणारा), पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात आजोबांपासून राहणारं कुटुंब, ही ओळखीची चित्रं. पण संरक्षण फक्त जुन्यांनाच असतं हा समज चुकीचा आहे. कायदा लागू असलेल्या शहरात पंधरा वर्षांपूर्वी कुणाला तोंडी बोलून खोली भाड्याने दिली असेल आणि तो नियमित भाडं देत असेल, तर तोही याच छत्राखाली येतो. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेत असलेल्यांना तेव्हाच्या कायदादुरुस्तीने भाडेकरू मानलं. त्यामुळे जुन्या इमारतीत ‘लायसन्स’ असं लिहिलेला कागदही फसवा असू शकतो.

दुकानांच्या बाबतीत अनुभवी लोकही चुकतात. कायद्याच्या कलम ३ प्रमाणे बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या खाजगी वा सार्वजनिक मर्यादित कंपन्या यांना हे संरक्षण नाही. म्हणून बँकेची लीज संपली की जागा परत मागता येते. पण गाळ्यात एखादा किराणा दुकानदार, शिंपी किंवा छोटी कंपनी लीजवर असेल, तर मुदत संपली म्हणून गाळा रिकामा होत नाही. कायद्यातली कारणं सिद्ध करावी लागतात आणि त्यात वर्षं जातात. ‘पुढच्या मार्चला लीज संपतेय, मग तुम्हाला मोकळा गाळा मिळेल’ असं एजंट सांगत असेल, तर भाडेकरू कोण आहे हे आधी विचारा.

पायरी २: कागद मागा, आणि स्वतःही शोधा

विक्रेत्याकडून मूळ करार, त्याचे आधीचे नूतनीकरणाचे करार, डिपॉझिट मिळाल्याची नोंद, निदान गेल्या वर्षभराच्या भाडेपावत्या किंवा बँकेचा उतारा, आणि भाडेकरूशी झालेला पत्रव्यवहार मागा. पत्रव्यवहार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेशही. ‘गळती थांबवली तर भाडं वाढवीन’, ‘दिवाळीपर्यंत राहा’ अशी आश्वासनं तिथेच दिलेली असतात.

करार नोंदणीकृत आहे की नुसता नोटरीचा, हे पाहणं फार महत्त्वाचं आहे. १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेकरार, तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खरेदीदाराला त्याहून जास्त बोचणारी तरतूद पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं मानलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तो म्हणाला की डिपॉझिट पाच लाख दिलं होतं, तर ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. आणि तुम्ही तर त्या व्यवहाराच्या वेळी तिथे नव्हता.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्या मालमत्तेवर नोंदलेले दस्त आणि त्यांचा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहता येतो. वकिलाला टायटल सर्च (मालकीच्या कागदांचा शोध) सांगाल तेव्हा ‘लीज आणि लिव्ह अँड लायसन्सही बघा’ असं वेगळं सांगा. जुन्या मालकाचा आणि भाडेकरूचा दावा चालू आहे का, हेही तपासायला सांगा. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, आणि दोघांची नावं टाकून न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर शोध घेता येतो.

करार वाचताना मुदत संपल्याची तारीख सगळ्यात आधी पाहा. करार दीड वर्षापूर्वीच संपलेला आणि भाडं तरीही चालू, ही परिस्थिती दर चार-पाच घरांत एकदा तरी सापडेल अशी सामान्य आहे. मग लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता न येण्याचं बंधन) कुणावर आहे ते पाहा: फक्त भाडेकरूवर, फक्त मालकावर, की दोघांवर. व्यापारी लीजमध्ये आणखी तीन कलमं शोधा. नूतनीकरणाचा हक्क एकट्या भाडेकरूला दिला आहे का? भाडेवाढ किती वर्षांनी आणि किती टक्के? आणि जागा विकायची झाल्यास आधी भाडेकरूला विचारायचं असं कबूल केलं आहे का? तिसरं कलम असेल आणि त्याला विचारलं नसेल, तर तुमचा सगळा व्यवहार अडू शकतो.

पायरी ३: भाडेकरूला स्वतः जाऊन भेटा

मालक म्हणेल, ‘कशाला उगाच त्यांना त्रास, मी सांगतो ना सगळं.’ तरीही जा. यामागे कायद्याचं पक्कं कारण आहे. जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याचा जो काही हक्क असेल, त्याची माहिती खरेदीदाराला होती असंच मालमत्ता हस्तांतरण कायदा मानतो. तुम्ही विचारलं नाही, तर न विचारण्याचा तोटा तुमचा. नोंदणीकृत दस्ताबद्दलही हेच: तो नोंदलेला आहे म्हणजे तुम्हाला माहीत आहे, असं धरलं जातं.

भेटीची वेळ मालकाला विचारून, भाडेकरूच्या सोयीने ठरवा. घर विकलं जातंय हे ऐकून आत राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटात गोळा येतो. मुलांची शाळा, पुन्हा घर शोधणं, डिपॉझिट बुडेल का, ही काळजी त्यांच्या बोलण्यात दिसेल. तुम्ही दारात उभं राहून भिंती मोजायला लागलात, तर ते पुढे तुम्हाला काहीही सांगणार नाहीत. बसा, ओळख सांगा, आणि ‘तुमचं डिपॉझिट खरेदीखतात लिहून घेणार आहे’ हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. त्यानंतर माणसं मोकळेपणाने बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

विचारायचं ते साधं आहे. कधीपासून राहता? भाडं किती आणि ते कुणाच्या खात्यात जातं? डिपॉझिट किती दिलं, चेकने की रोख? काही महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं आहे का? घरात स्वतःच्या खर्चाने काय काय बसवलं: वॉटर हीटर, जाळ्या, मॉड्युलर किचन? मालकाने काय दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं होतं? करारात ज्यांची नावं आहेत तेच इथे राहतात का? शेवटच्या प्रश्नातून पोटभाडेकरू सापडतो.

मग हे सगळं एका पानावर लिहून त्यावर भाडेकरूची सही घ्या. वकील त्याला वेगवेगळी नावं देतात. तुमच्यासाठी ते भाडेकरूचं लेखी निवेदन: कराराची तारीख, मुदत, भाडं, डिपॉझिट, आगाऊ रक्कम, थकबाकी, आणि ‘याखेरीज मालकाशी माझा कोणताही लेखी वा तोंडी करार नाही’ हे वाक्य. हे एक वाक्य पुढची अनेक भांडणं टाळतं. मालकाचं म्हणणं आणि भाडेकरूचं म्हणणं यांत फरक निघाला, तर दोघांना समोरासमोर बसवा. डिपॉझिटच्या रोख भागाबद्दलच बहुधा फरक निघतो.

भाडेकरू सही द्यायला तयार नसेल तर जबरदस्ती करू नका, पण मालकाकडून तेच निवेदन लेखी घ्या आणि विसाराची रक्कम त्या प्रमाणात कमी ठेवा.

पायरी ४: भाड्याचा हिशोब मालकाच्या तोंडून नको, तुमच्या कागदावर

समजा फ्लॅट ८० लाखांचा, भाडं महिना २५,००० आणि डिपॉझिट १ लाख आहे. वर्षाचं भाडं ३ लाख. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ४,००० धरला तर ४८,००० गेले. मालमत्ता कर १२,००० धरा. वर्षाकाठी एखादा महिना घर रिकामं राहील आणि थोडी रंगरंगोटी लागेल, त्याचे २५,००० धरा. हाती राहतात २ लाख १५ हजार, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, तेही प्राप्तिकराआधी आणि मुद्रांक शुल्क न धरता. गृहकर्ज काढून घेत असाल तर भाड्यातून हप्ता सुटणार नाही, हे आधीच मान्य करून पुढे जा.

सोसायटीत मालक स्वतः राहत नसेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात. २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. सोसायटीच्या बिलात हा आकडा तपासा, आणि विक्रेत्याने तो भरला नसेल तर थकबाकी तुमच्या माथी येण्याआधी ना-थकबाकी दाखला मागा. वीजबिलाचंही तसंच.

संरक्षित भाडेकरू असेल तर हा हिशोबच बदलतो. भाडे कायद्याच्या कलम ११ प्रमाणे भाडं साधारणपणे वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येतं. ३०० रुपये भाड्याचे पुढच्या वर्षी ३१२ होतील. अशा घराची किंमत मोकळ्या घराच्या किमतीशी ताडून पाहू नका. त्यात तुम्ही विकत घेता ती भविष्यात कधीतरी मिळू शकणारी जागा किंवा पुनर्विकासातला वाटा, आणि दोन्हींची तारीख कुणी सांगू शकत नाही.

पायरी ५: साठेखत आणि खरेदीखतात काय लिहून घ्यायचं

साठेखत म्हणजे विक्री ठरल्याचा आधीचा करार, खरेदीखत म्हणजे मालकी देणारा शेवटचा दस्त. भाडेकरूबद्दल एकही ओळ नसलेली खरेदीखतं सर्रास होतात. ‘रिकामा व शांततापूर्ण ताबा दिला’ असं छापील वाक्य असतं आणि आत माणूस राहत असतो. तसा मसुदा परत पाठवा.

डिपॉझिट सगळ्यात आधी. भाडेकरूने एक लाख जुन्या मालकाला दिले, पण घर सोडताना तो ते तुमच्याकडेच मागणार. म्हणून ती रक्कम किमतीतून वळती करून घ्या. इथे एक बारकावा आहे. खरेदीखतात किंमत ८० लाखच लिहायची, आणि तीपैकी १ लाख डिपॉझिटच्या जबाबदारीपोटी वळते केले असं नमूद करायचं. किंमत ७९ लाख लिहिली तर मुद्रांक शुल्क आणि कर दोन्हींत घोळ होतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापून भरायचा असतो, तोही पूर्ण ८० लाखांवर, म्हणजे ८०,०००. विक्रेता परदेशात राहणारा असेल तर ५० लाखांची मर्यादा लागू नाही आणि कापायचा दरही बराच जास्त असतो. त्यासाठी सनदी लेखापालाला आधीच विचारा.

त्यानंतर थकबाकी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे विक्रीच्या आधीचं थकलेलं भाडं खरेदीदाराला आपोआप मिळत नाही. भाडेकरूने सहा महिन्यांचं भाडं थकवलं असेल, तर ते वसूल करायचा हक्क तुमच्याकडे दिला असं खरेदीखतात स्पष्ट लिहा, किंवा विक्रेत्यानेच व्यवहाराआधी वसूल करावं अशी अट घाला. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण नव्या मालकाने आल्याआल्या जुन्या थकबाकीची नोटीस काढली की पुढचे संबंध तिथेच बिघडतात.

चालू महिन्याचं भाडं दिवसांप्रमाणे वाटून घ्या. १८ तारखेला खरेदी झाली तर १७ तारखेपर्यंतचं विक्रेत्याचं, पुढचं तुमचं.

आणि विक्रेत्याची हमी: जोडलेले भाडेकरार हेच एवढे करार आहेत, याशिवाय कुणालाही ताबा, वचन वा आगाऊ भाड्याची सवलत दिलेली नाही, दावा प्रलंबित नाही, आणि हे खोटं निघाल्यास नुकसान विक्रेता भरून देईल. भाडेकरूचं निवेदन आणि कराराची प्रत परिशिष्ट म्हणून जोडा. साठेखत आणि खरेदीखत यांच्या मधल्या काळात विक्रेत्याने तुम्हाला न विचारता करार वाढवायचा नाही, नवा भाडेकरू ठेवायचा नाही, भाडं आगाऊ घ्यायचं नाही, हेही साठेखतात लिहा. या दोन-तीन महिन्यांतच बरेच उपद्व्याप होतात.

पायरी ६: खरेदीनंतरचा पहिला महिना

खरेदीखत झालं की त्याच आठवड्यात भाडेकरूला पत्र द्या. त्यावर तुमची आणि विक्रेत्याची, दोघांच्या सह्या हव्यात. मजकूर छोटा: जागा अमुक तारखेला विकली, डिपॉझिटची जबाबदारी आता नव्या मालकाकडे, यापुढचं भाडं या खात्यात. हातात देऊन पोच घ्या आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. हे पत्र तुमच्यासाठी गरजेचं आहे, कारण मालक बदलल्याचं माहीत नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर कायदा त्याच्याकडून ते दुसऱ्यांदा मागू देत नाही.

लायसन्सवर राहणारा असेल आणि तुम्हाला त्याला ठेवायचं असेल, तर जुना करार ओढत बसू नका. त्याच्याबरोबर तुमच्या नावाने नवा लिव्ह अँड लायसन्स करार करून नोंदवा. कारण असं. भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही लायसन्सवाला गेला नाही, तर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो आणि जास्त राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. नियमित दाव्यापेक्षा हा मार्ग खूपच सुटसुटीत आहे. पण त्या कलमाच्या स्पष्टीकरणात मालक म्हणून उल्लेख आहे तो मूळ मालकाच्या मृत्यूनंतर आलेल्या वारसाचा, खरेदीदाराचा नाही. समोरच्या वकिलाला वाद घालायला तेवढं पुरतं. करार तुमच्याच नावाचा असला की हा प्रश्न उरत नाही.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं २,७५,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज सुमारे ९,१६७, या बेरजेवर शुल्क साधारण ७१० रुपये येतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. हे आता घरबसल्या ऑनलाइन होतं.

लीजवाल्या व्यापारी भाडेकरूबरोबर नव्या कराराची गरज नसते, पण ‘नवा मालक आम्हास मान्य असून यापुढे भाडं त्यांना देऊ’ असं पत्र घ्या. बँका आणि कंपन्या हे पत्र त्यांच्या मुख्य कार्यालयातून देतात आणि वेळ लावतात, म्हणून मागणी खरेदीआधीच करून ठेवा.

सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचा अर्ज देताना भाडेकरूच्या कराराची प्रतही द्या. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती नव्या मालकाच्या नावाने पुन्हा कळवा. भाडं महिना ५०,००० पेक्षा जास्त असेल तर घरगुती भाडेकरूलाही २ टक्के टीडीएस कापावा लागतो, त्यासाठी तुमचा पॅन त्याला द्या. दुबईत किंवा अमेरिकेत राहून पुण्यात फ्लॅट घेणाऱ्या मराठी मंडळींनी हे नक्की लक्षात ठेवावं: मालक अनिवासी असेल तर भाडं ५०,००० च्या खाली असलं तरी साधारणपणे भाडेकरूने ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापायचा असतो. जुना मालक इथलाच असेल तर भाडेकरूला याची कल्पनाही नसते. ती जबाबदारी त्याच्यावर अचानक येते, म्हणून आधी समजावून सांगा.

घर रिकामंच हवं असेल तर

स्वतः राहायला घर घेत असाल तर सरळ अट घाला: ‘रिकामा ताबा मिळाल्यावरच शेवटचा हप्ता.’ भाडेकरूला बाहेर काढण्याचं काम ज्याने त्याला आत घेतलं त्यानेच करावं. लायसन्सची मुदत दोन महिन्यांत संपत असेल तर तेवढं थांबणं सगळ्यात स्वस्त पडतं. कधी भाडेकरूला स्थलांतराचा खर्च देऊन लवकर निघता येतं का ते विचारावं. तो आनंदाने तयार होतो, असं बऱ्याचदा घडतं.

संरक्षित भाडेकरू असेल तर तो नियमित भाडं देत असताना त्याला काढता येत नाही. भाडे कायद्याच्या कलम १६ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं: स्वतःची खरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू, सहा महिने विनाकारण जागा न वापरणं, उपद्रव, वगैरे. खरी गरज सिद्ध झाली तरी जास्त हाल कुणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे, हे न्यायालय तोलतं. भाडं थकलं असेल तरी आधी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, आणि दावा लागल्यावरही ठरलेल्या मुदतीत व्याजासह पैसे भरले की तो वाचतो. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे हा हक्क जातो. ‘म्हातारबाबा एकटेच आहेत’ असं ऐकून कुणी वाडा घेत असेल, तर त्याने त्या घरात आणखी कोण राहतं ते पाहावं. आणि विकत घेताना मनात असा हिशोब असणंच मला योग्य वाटत नाही.

पाणी किंवा वीज तोडणं, कुलूप बदलणं, दारात माणसं उभी करणं, यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सोयी बंद करणं हा भाडे कायद्यात गुन्हा आहे.

पागडीच्या जागेबद्दल एकच सांगतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क सोडताना वा हस्तांतरित करताना मोबदला घेणं कायदेशीर केलं. त्यामुळे तुम्ही अख्खी इमारत घेताय की एका खोलीचा भाडेहक्क, हे दोन पूर्ण वेगळे व्यवहार आहेत. दुसऱ्यात तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता, आणि त्याला मूळ मालकाची लेखी संमती हवी.

गोव्यात जुनं घर घेणाऱ्यांनी

गोव्याला महाराष्ट्राचा भाडे कायदा लागू नाही. तिथे १९६८ चा स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुंडकार: मालकाच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या घर करून राहणारं कुटुंब. १९७५ च्या कायद्याने त्यांना बेदखल होण्यापासून संरक्षण दिलं आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. माडांच्या बागेसह जुनं घर बघताना आवाराच्या टोकाला एखादं छोटं घर दिसलं आणि मालक ‘ते आमचे गडी’ म्हणाला, तर मामलेदार कार्यालयातल्या मुंडकार नोंदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि त्या घरात जाऊन बोला. तिथेही पायरी तीनच लागू पडते.

भाडेकरू घर सोडेल तेव्हासाठी

ताबा घेतल्याच्या आठवड्यात भाडेकरूबरोबर घरभर फिरून प्रत्येक खोलीचे फोटो काढा. ओल, तडे, नळ, त्याने स्वतः बसवलेल्या वस्तू, सगळं त्यात येऊ द्या. तारखेसह ते दोघांच्या फोनवर ठेवा. जुन्या मालकाच्या काळातली ओल आणि तुमच्या काळातलं नुकसान यांतला फरक दोन वर्षांनी कुणाला आठवणार नाही, आणि डिपॉझिटमधून कापाकापी यावरूनच होते. भाडेकरू निघताना वीज आणि गॅसचं शेवटचं बिल पाहून, किल्ल्या आणि ताबा परत दिल्याची दोन ओळींची पावती घेऊन, उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी त्याच्या खात्यात पाठवा.